तुमचे प्रश्न : घोडेवाले, काफिलेवाले आणि मधला गवताळ पट्टा

या वेळी स्टेपवर, म्हणजे हंगेरीपासून थेट मंचुरियापर्यंत जवळपास 8000 किलोमीटर पसरलेल्या त्या गवताळ पट्ट्यावर, इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे विषय पुढे ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. एकदोन पत्रांची भाषा थोडी सौम्य केली आहे, मंगोलांचं नाव काढलं की लोक एवढे का तापतात देव जाणे.

प्रश्न : ताई, शाळेच्या पुस्तकात शक, हूण, मंगोल हे लोक कुठलं तरी शहर जाळायचं असेल तेव्हाच उगवतात आणि पुढच्या पानावर गायब होतात. हे खरंच फक्त लुटारू होते का? बाकीच्या वेळी करायचे काय?

बाकीच्या वेळी मेंढ्या राखायचे. गंमत नाही करत, सगळ्याचं मूळ तिथेच आहे. स्टेपवर पाऊस एवढा कमी की शेती धड होत नाही पण गवत येतं, आणि माणसाला काही गवत खाता येत नाही, म्हणून मेंढी, शेळी, गाय, घोडा, उंट यांना ते खायला घालायचं, त्यांच्या दुधामांसावर जगायचं आणि एका जागचं गवत संपलं की तंबू उचलून पुढे निघायचं. दूध, मांस, लोकर, कातडं सगळं घरचं. पण धान्य कमी, सुती-रेशमी कापड नाही, लोखंडी कढया लागतात, पुढे चहाची सवय लागल्यावर चहाही लागायला लागला. त्यात एखाद्या हिवाळ्यात गवतावर बर्फाचा कडक थर बसला की जनावरं हजारोंनी उपाशी मरतात. शेतकऱ्याला धान्य कोठारात भरून ठेवता येतं, हे लोक संपत्ती साठवणार कुठे, ती चार पायांवर चालत असते. म्हणून शेजारच्या शेतकरी राज्यांशी देवाणघेवाण करणं यांना भागच होतं. समोरच्या राज्याला मात्र वाटायचं की यांच्याकडून आपल्याला घ्यायचंय तरी काय (घोडे सोडून, त्यावर खाली येते). भांडण इथे सुरू होतं.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण 16व्या शतकातलं आहे. मंगोलांचा अलतान खान चीनच्या मिंग घराण्याच्या दरबाराकडे वर्षानुवर्षं एकच मागणी करत होता, की सीमेवर बाजार उघडा, आम्ही घोडे देतो, तुम्ही कापड-धान्य द्या. दरबाराला तो अपमान वाटायचा. नुसता नकार दिला असता तरी एक वेळ ठीक होतं, यांनी त्याचा दूतच मारला. मग 1550 मध्ये अलतान खान फौज घेऊन बीजिंगच्या तटाखाली आला, आसपासची गावं लुटली, आणि मागणी तीच, बाजार उघडा! तरी पुढची वीस वर्षं हे असंच चाललं. शेवटी 1571 मध्ये तह झाला, मिंगांनी त्याला राजाचा किताब दिला, सीमेवर घोडेबाजार सुरू झाले आणि त्या बाजूच्या धाडी बऱ्यापैकी थांबल्या. फौजेवरचा खर्च वाचला तो वेगळाच. हे आधी केलं असतं तर, असं वाटतं ना? पण दरबारातल्या अधिकाऱ्याला 'रानटी लोकांपुढे झुकला' असा ठपका नको होता, आणि हे कुठल्याही काळातल्या राजकारणात बघायला मिळतं.

दीड हजार वर्षांहून जास्त मागे गेलात तरी हीच गोष्ट. इ.स.पू. 209 मध्ये मोदू नावाचा माणूस शिओंग्नूंचा, म्हणजे चीनच्या उत्तरेकडच्या स्टेपवाल्यांचा, प्रमुख झाला आणि त्याने स्टेपवरच्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या. इ.स.पू. 200 मध्ये त्याने चीनच्या हान घराण्याच्या संस्थापक सम्राटालाच बायदेंगपाशी सात दिवस वेढून धरलं. त्यानंतर हान दरबाराने ठरवलं की राजकन्या द्यायची, दरवर्षी रेशीम-धान्य-दारू पाठवायची आणि शांतता विकत घ्यायची. पुढे सत्तेचं पारडं फिरलं, शिओंग्नू प्रमुख नमतं घेऊन दरबारात हजेरी लावायला लागला, तरी भेटी काही थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. इ.स.पू. 51 मध्ये प्रमुख आला तेव्हा रेशमाचे 8000 ताके मिळाले, इ.स.पू. 1 मध्ये आला तेव्हा 30,000. एवढं रेशीम एक माणूस नेसणार थोडाच आहे. ते खालच्या सरदारांना वाटायचं, काही पुढे पश्चिमेकडे विकायचं. सरदार टिकवायचे तर वाटायला काहीतरी हवं, आणि मेंढ्या तर प्रत्येकाकडेच असतात.

यात एक भारी पात्र आहे. राजकन्येच्या पाठवणीत एका हान दरबारी खोजाला मनाविरुद्ध पाठवलं होतं, झोंगहांग युए त्याचं नाव. तो तिकडे जाऊन सरळ फितूर झाला आणि शिओंग्नूंनाच सल्ले द्यायला लागला, की बाबांनो या रेशमाच्या नादी लागू नका, ते घालून काट्याझुडपांतून घोडा फेकलात तर चिंध्या होतील, तुमची लोकर आणि कातडीच बरी, आणि एकदा हान मालाची चटक लागली की तुम्ही त्यांचेच होऊन बसाल. एवढ्या जुन्या काळी कुणीतरी ट्रेड डिपेंडन्सीवर इतकं स्वच्छ बोलून ठेवलंय! ऐकलं कुणी नाही अर्थात.

म्हणून लगेच यांना 'बिचारे' करून टाकायचं असंही नाही. धाडीत माणसं मरायची, बायकापोरं गुलाम म्हणून ओढून न्यायचे. मला एवढंच म्हणायचंय की धाड आणि व्यापार ही दोन वेगळ्या लोकांची कामं नव्हती, तीच माणसं बाजार उघडा असला तर घोडे विकायला यायची आणि बंद असला तर तलवार घेऊन यायची.

प्रश्न : सिल्क रोडवरून एखादा व्यापारी चीनमधून निघून रोमपर्यंत जायचा का? किती दिवस लागायचे?

नाही हो, असं जवळजवळ कुणीच करायचं नाही. माल टप्प्याटप्प्याने हात बदलत जायचा, प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या पट्ट्यात फिरायचा आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी नफा, कुणीतरी जकात काढून घ्यायचं. चीनने इ.स. 97 मध्ये गान यिंग नावाच्या दूताला रोमकडे पाठवलं होतं, तो पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोचलाही, पण तिथल्या खलाशांनी त्याला सांगितलं की समुद्रप्रवासाला वारा नसेल तर दोन वर्षं लागतात, लोक घरच्या आठवणीने मरतात वगैरे, आणि तो परत फिरला. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियन लोकांना मधली दलाली सोडायची नव्हती असा अर्थ बरेच इतिहासकार काढतात, आणि मला तो पटतो.

आणि रस्ता एक नव्हता. वाळवंटाच्या कडेने ओअॅसिसची गावं, डोंगरातल्या खिंडी, उत्तरेला उघडा स्टेप, जिथे पाणी-चारा असेल आणि जिथला खान गळा कापणार नाही तिथून लोक जायचे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चीनमध्ये तांग घराण्याच्या काळात पश्चिम सीमेवर जे रेशीम जायचं त्याचा मोठा हिस्सा व्यापारी माल नव्हताच, तो सरकारी पगार होता! रेशमाचा ताका हा चलन म्हणून चालायचा, तांब्याची नाणी एवढ्या लांब वाहून न्यायला जड, म्हणून तिकडच्या ठाण्यांतल्या सैनिकांना ताके पाठवायचे आणि ते खर्च झाले की बाजारात फिरत राहायचे. फौज परत बोलावली की तिकडचा व्यापार पण थंडावायचा.

मधल्या टप्प्यातले खरे उस्ताद म्हणजे समरकंद-बुखारा भागातले सोग्डियन. चीनमधल्या शहरांत त्यांच्या वसाहती होत्या आणि त्यांची भाषा या वाटांवर सगळीकडे चालायची. 1907 मध्ये ऑरेल स्टाईन या संशोधकाला चीनच्या पश्चिम टोकाच्या दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात त्यांची पत्रं सापडली, साधारण इ.स. 313 च्या आसपासची, कधीच न पोचलेली टपालाची पिशवी. त्यात एका व्यापाऱ्याने समरकंदला कळवलंय की लुओयांग शहर जाळलं गेलं, आपले तिकडचे लोक उपासमारीने मेले, आणि पुढे त्याच पत्रात कस्तुरीचा हिशोब आणि एका पोरक्या मुलाचे पैसे नीट गुंतवा अशी सूचना. दुसरं पत्र मीवनाय नावाच्या बाईचं आहे. नवऱ्याने तिला आणि मुलीला दुनहुआंगला आणून सोडलं, कर्ज करून ठेवलं आणि हा तीन वर्षं गायब. ती लिहिते, तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं झालं असतं. व्यापारावरच्या जाड जाड पुस्तकांपेक्षा मला या एका वाक्यातून त्या वाटेचा खर्च जास्त कळतो.

पण सोग्डियनांकडे भांडवल होतं, फौज नव्हती. फौज स्टेपवाल्यांकडे. 552 मध्ये तुर्कांनी मोठं साम्राज्य उभं केलं आणि ही जोडी जमली. तुर्कांकडे चीनकडून मिळालेलं रेशीम पडून होतं, ते विकायला सोग्डियन इराणच्या बादशहाकडे गेले, तर खुस्रोने काय केलं, सगळं रेशीम विकत घेतलं आणि यांच्याच डोळ्यांसमोर जाळून टाकलं. म्हणजे पैसे देतो पण तुम्हाला माझ्या बाजारात येऊ देणार नाही. मग मानियाख नावाच्या सोग्डियनाने तुर्क खानाला गळ घातली की इराणला वळसा घालून थेट गिऱ्हाईकाकडे जाऊ, आणि 568 च्या सुमाराला तो तुर्कांचा वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला सम्राटापुढे उभा होता. वळसा घेतला तो उत्तरेच्या स्टेपकडून.

प्रश्न : शक, हूण, तुर्क, मंगोल हे सगळे एकाच वंशाचे का?

नाही. शकांच्या भाषा इराणी कुळातल्या, तुर्कांची वेगळी, मंगोलांची वेगळी, हंगेरीत गेलेल्या मग्यारांची तर फिनिश भाषेच्या कुळातली. शिवाय 'हूण' किंवा 'मंगोल' हे नाव वरच्या घराण्याचं असायचं, खाली दहा भाषा बोलणारी माणसं सामील झालेली असायची आणि घराणं पडलं की तीच माणसं पुढच्या नावाखाली जायची.

प्रश्न : घोड्यांचं एवढं काय कौतुक? चीन एवढा मोठा देश, त्यांना स्वतःचे घोडे पाळता येत नव्हते?

पाळता येत होते, पण चांगले आणि पुरेसे नाही. घोड्याला मोकळं कुरण लागतं, आणि जिथे कुरण होऊ शकतं तिथे शेतकऱ्याला नांगर घालायचा असतो. माणसांची गर्दी वाढली की घोड्यांची जागा जाते. याउलट स्टेपवर घोडा फुकट वाढतो म्हटलं तरी चालेल आणि पोरं चालायला शिकतात त्याच सुमाराला खोगिरावर बसायला शिकतात. लाकूड, शिंग आणि जनावराच्या स्नायूंचे धागे चिकटवून केलेलं आखूड धनुष्य, ते घोड्यावरून कुठल्याही दिशेला वळून मारता येतं, अगदी पळता पळता मागे वळूनसुद्धा. तोफा-बंदुका सुधारेपर्यंत, म्हणजे दोन हजार वर्षं, या कॉम्बिनेशनला शेतकरी राज्यांकडे धड उत्तर नव्हतं. उत्तर एकच, आपणही तसंच लढायला शिका. इ.स.पू. 307 मध्ये चीनमधल्या झाओ राज्याच्या वूलिंग राजाने दरबारात फर्मान काढलं की लांब झगे सोडा, स्टेपवाल्यांसारख्या विजारी घाला आणि घोड्यावरून बाण मारायला शिका. दरबाऱ्यांनी केवढा कालवा केला, आपण काय रानटी लोकांचे कपडे घालायचे का म्हणून! आज जगभर लोक पँट घालून फिरतात, त्याचं मूळ हे घोड्यावरचं. तुर्फानजवळ यांघाई इथल्या थडग्यांत तीन हजार वर्षांपूर्वीची लोकरीची विजार मिळाली आहे, घोड्यावर मांडी टाकता यावी अशी मध्ये ऐसपैस कापड लावून विणलेली.

आता किंमत बघा. हान सम्राट वू याने झांग च्यानला इ.स.पू. 138 मध्ये पश्चिमेला पाठवलं ते शिओंग्नूंविरुद्ध मित्र शोधायला. वाटेत शिओंग्नूंनीच पकडलं, दहा वर्षं अडकला, तिथे बायको-मूल झालं, मग पळाला, मित्र काही मिळाला नाही पण मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्याच्या घोड्यांची बातमी घेऊन परत आला. हे घोडे रक्ताचा घाम गाळतात अशी त्यांची ख्याती होती. सम्राटाला ते हवेच झाले, फरगानावाले द्यायला तयार होईनात, झालं, इ.स.पू. 104 ते 101 युद्ध. दुसऱ्या मोहिमेत 60,000 माणूस गेला, दहा हजारांच्या थोडा वर परत आला, आणि हातात काय तर काही डझन उत्तम घोडे आणि तीनेक हजार बरे. पण तेव्हापासून चीनची पश्चिमेकडची ठाणी पक्की होत गेली आणि त्या वाटेवर वर्दळ वाढली. म्हणजे रेशमाच्या वाटेमागे घोड्यांची हाव आहे, आणि तिच्याही मागे शिओंग्नूंची भीती.

पुढे तांग काळात उइघुर या स्टेपवरच्या तुर्की लोकांनी बंड मोडायला मदत केली आणि मग घोड्यामागे 40 ताके असा दर लावून दरवर्षी घोडे आणून दारात उभे करायला लागले. तांग अधिकाऱ्यांची तक्रार की जनावरं मरतुकडी आहेत, पण नाही म्हणायची सोय नव्हती. सोंग राजवटीने 1074 मध्ये सिचुआनमध्ये चहा देऊन घोडे घेण्यासाठी चक्क वेगळं सरकारी खातंच काढलं. आणि हे फक्त चीनपुरतं नाही. 14व्या शतकात इब्न बतूता काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचा स्टेप बघून लिहितो की इथे घोडा अगदीच स्वस्त, आणि इथून हिंदुस्थानला जे तांडे जातात त्यांत एकेका वेळी सहाएक हजार घोडे असतात, एकेका व्यापाऱ्याचे शंभर-दोनशे.

प्रश्न : माझं आणि माझ्या भावाचं कायम भांडण. तो म्हणतो मंगोलांनी जग जोडलं, मी म्हणतो लाखो माणसं मारणाऱ्यांचं कसलं कौतुक. कोण बरोबर?

दोघंही, आणि मला वाटतं हे दोन मुद्दे एकमेकांना कापत नाहीत. सुरुवात कशी झाली ते आधी बघू, कारण ती पण व्यापारातूनच झाली. 1206 मध्ये चंगीझखान सगळ्या मंगोल टोळ्यांचा खान झाला. त्या काळात हवामानानेही साथ दिली असं दिसतं, मंगोलियातल्या जुन्या झाडांची वलयं मोजून 2014 मध्ये संशोधकांनी सांगितलं की 1211 ते 1225 ही वर्षं तिकडे फार ओली गेली, म्हणजे गवत भरपूर, घोडे भरपूर. 1218 मध्ये त्याने मध्य आशिया-इराणवर राज्य करणाऱ्या ख्वारझमच्या शहाकडे साधारण 450 व्यापाऱ्यांचा काफिला पाठवला. सीमेवरच्या ओट्रारच्या सुभेदाराने त्यांना हेर ठरवून कापून काढलं आणि माल गिळला. भरपाई मागायला दूत गेले तर त्यातल्याही एकाला मारलं. हेर होते का? काही असतीलही, त्या काळात व्यापारी आणि हेर यात फार अंतर नसायचं. पण 1219 मध्ये जे आलं ते ओट्रारपुरतं थांबलं नाही, बुखारा, समरकंद, मर्व्ह, निशापूर, सगळं गेलं. 1221 मध्ये मर्व्हमध्ये किती मेले याचे फारसी इतिहासकारांनी दिलेले आकडे दहा लाखांच्या घरात जातात, ते फुगवलेले आहेत हे नक्की, पण ते शहर पुन्हा कधीच पहिल्यासारखं उभं राहिलं नाही हेही तितकंच नक्की. 1258 ला बगदाद. तर तुमचा मुद्दा इथे पूर्ण मान्य.

आता भावाचा मुद्दा. मंगोलांनी शहरं लुटताना एक गोष्ट कटाक्षाने केली, कारागीर वेगळे काढले. विणकर, सोनार, लोहार यांना मारायचं नाही, उचलून हजारो किलोमीटर लांब नेऊन वसवायचं. हे काही दयेपोटी नव्हतं, सक्तीचं स्थलांतर होतं, पण हेरातचे जरीकाम करणारे पूर्वेला गेले आणि चीनचे लोक पश्चिमेला आले. 1254 मध्ये रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती साधू मंगोलांच्या राजधानीत, काराकोरमला पोचला तर तिथे त्याला पॅरिसचा सोनार भेटला, गियोम बुशे, हंगेरीच्या स्वारीत धरून आणलेला. त्याने खानासाठी चांदीचं एक झाड बनवलं होतं ज्यातून चार तऱ्हेची पेयं गळायची, द्राक्षाची दारू, घोडीचं आंबवलेलं दूध, मधाची दारू आणि तांदळाची. पॅरिसचा माणूस, हंगेरीत पकडलेला, मंगोलियात बसून चारी दिशांच्या दारूसाठी नळ बसवतोय! जग जोडलं म्हणजे काय झालं ते यात आलं, जोडलं कसं तेही आलं.

दुसरी गोष्ट टपालाची. दर दिवसाच्या मजलेवर ठाणं, ठाण्यावर ताजे घोडे, आणि ज्याच्या गळ्यात खानाचा बिल्ला त्याला घोडा, जेवण, निवारा फुकट (भुर्दंड आसपासच्या गरीब लोकांवर, हे विसरू नका). शिवाय खानदानातले लोक ओर्तोक नावाच्या व्यापारी मंडळींना भांडवल द्यायचे आणि नफ्यात वाटा घ्यायचे. म्हणजे सत्तेवर बसलेला माणूसच पार्टनर, मग रस्ता सुरक्षित का नाही राहणार. फ्लोरेन्सच्या पेगोलोत्ती नावाच्या माणसाने 1340 च्या आसपास व्यापाऱ्यांसाठी गाइड लिहिलं, त्यात म्हटलंय की काळ्या समुद्राजवळच्या तानापासून चीनपर्यंतची वाट दिवसा आणि रात्रीही सुरक्षित आहे. उलट दिशेनेही लोक आले, मार्को पोलोचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण बीजिंगकडचा ख्रिस्ती साधू रब्बान सौमा 1287 मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या राजाला भेटला होता हे फार कमी जणांना माहीत असतं. चिनी मातीच्या भांड्यांवरचा तो प्रसिद्ध निळा रंग, त्याचं कोबाल्ट इराणकडून यायचं, आणि ती भांडी परत इराणच्याच गिऱ्हाइकांना जायची. सगळं जमलंच असं नाही बरं का, 1294 मध्ये तबरीझच्या मंगोल राजाने चीनचं बघून कागदी नोटा काढल्या, दुकानदारांनी दुकानं बंद केली आणि थोड्याच दिवसांत गुपचूप मागे घ्याव्या लागल्या.

आणि याच जोडलेल्या वाटांवरून बहुधा प्लेग गेला. किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ 1338-39 सालची बरीच थडगी आहेत, काहींवर साथीने मेल्याचं कोरलंय, आणि 2022 मध्ये तिथल्या दातांमधून प्लेगच्या जंतूचा डीएनए निघाला. 1346 मध्ये क्रिमियातल्या काफा या जिनोआवाल्यांच्या बंदराला मंगोलांचा वेढा पडलेला असताना साथ आली, 1347 ला ती जहाजांबरोबर भूमध्य समुद्रात उतरली आणि पुढे युरोपची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या गेली. मंगोलांनी प्रेतं तटावरून आत फेकली ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती लिहिणारा माणूस तिथे हजर नव्हता, आणि रोग पसरायला त्याची गरजही नव्हती.

भावाला एवढंच विचारा, की तो जे कौतुक करतोय ते मर्व्हच्या माणसाला ऐकवलं असतं का.

प्रश्न : या सगळ्यात भारत कुठे?

मधोमध. मोदूच्या शिओंग्नूंनी युएझी या शेजारच्या भटक्या लोकांना पश्चिमेला हाकललं, युएझी सरकले तसे शक ढकलले गेले, ते इराण-सिंधमार्गे गुजरात, माळवा, कोकणापर्यंत उतरले आणि क्षत्रप म्हणून राज्य करायला लागले. म्हणजे चीनच्या सीमेवर झालेल्या मारामारीचा धक्का दोनशेहून जास्त वर्षांनी सातवाहनांना बसला! यांतल्याच नहपान या क्षत्रपाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं त्याचा पुरावा नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये सापडला, चांदीची 13,000 हून जास्त नाणी, सगळी नहपानाची आणि त्यातल्या दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. इकडे त्याच युएझींमधून कुषाण निघाले. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा डोकं तुटलेला पुतळा आहे, त्याचे पाय बघा, मथुरेच्या उन्हात हा माणूस जाड बूट आणि लांब कोट घालून उभा आहे, स्टेपवरून आलेल्या घराण्याने आपला वेष सोडला नाही. आपल्याकडच्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायातही बूट दिसतात ते त्याच वळणाचे. कुषाणांच्या राज्यातून बौद्ध धर्म मध्य आशियात आणि तिथून चीनला गेला, काफिल्यांबरोबरच. नंतर बाबर फरगानाचा, ते तर सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न : वास्को द गामा आला आणि खुष्कीचा व्यापार संपला, बरोबर ना?

पुस्तकात असंच असतं, पण 1498 नंतरही काफिले चालूच होते, कित्येक वाटांवर वाढले सुद्धा. संपवलं ते दोन साम्राज्यांनी, दोन्ही बाजूंनी. रशियाने 1552 मध्ये काझान घेतलं आणि शंभर वर्षांच्या आत पॅसिफिकपर्यंत पोचली. पूर्वेकडून चीनवर राज्य करणारं मांचूंचं छिंग राज्य, स्वतः स्टेपच्या कडेचे, त्यामुळे त्यांना या लोकांशी कसं वागायचं ते बरोबर माहीत. 1689 मध्ये नेर्चिन्स्कला दोघांनी बसून सीमा आखली. आधी स्टेपवाल्याला एका राज्याशी पटलं नाही तर दुसऱ्याच्या बाजूला सरकता यायचं, आता मागे मोकळी जागाच उरली नाही. शेवटचे मोठे म्हणजे झुंगार, पश्चिमेकडचे मंगोल, आणि ते काही जुनाट नव्हते, उंटांवर तोफा लादायचे, रेनात नावाच्या स्वीडिश कैद्याकडून तोफा ओतून घ्यायचे. 1755 नंतरच्या तीनेक वर्षांत छिंग फौजांनी त्यांना कत्तल करून आणि देवीच्या साथीने असं पुसलं की ते लोक म्हणून शिल्लकच राहिले नाहीत. मर्व्हची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ही नसते, कारण या वेळी मारणारे शहरातले आणि मरणारे तंबूतले होते.

काफिले मात्र त्यानंतरही चालले. 1727 च्या तहाने क्याख्ता हे सीमेवरचं ठाणं उघडलं आणि तिथून गोबी ओलांडून आलेला चहा शंभर-दीडशे वर्षं उंटांवरून रशियाला जात राहिला. त्याला मारलं आधी सुएझ कालव्याने, 1869 मध्ये, आणि मग सायबेरियातून गेलेल्या रेल्वेने.

प्लेगचे उंदीर आणि पिसवा यावर आलेले प्रश्न या वेळी बसले नाहीत, ते पुढच्या अंकात घेते.